मुठीवरची तिसरी जागा

१

रुइन्यांगला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि कारण सांगितलं असतं तर घरातले सगळे हसले असते. लेकीच्या उजव्या तळहाताला घट्टे पडले होते.

पाउंच्या घरात घट्ट्याचं नवल कोणाला? पिढ्यानपिढ्यांची लोहारकी. नवरा छाओशेंग भट्टीतून उडालेला निखारा बोटांनी उचलून परत टाकायचा आणि वर 'ऊब आहे जरा' म्हणायचा. सासूबाईंच्या बोटांना सूत काढून काढून घट्टे, रुइन्यांगच्या बोटांना गोफ ओढून ओढून. पण श्याओमान पाच वर्षांची होती. तिची दिवसभराची कामं म्हणजे कोंबड्यांमागे धावणं आणि अंगणात सुकत घातलेल्या कोळंबीतली एखादी गुपचूप तोंडात टाकणं. त्याने कोणाला घट्टे पडत नाहीत.

बरं, पडले तेही कुठे, तर बोटांच्या मुळाशी, ओळीने. पिवळट आणि कडक. रुइन्यांगने असे घट्टे पुष्कळ पाहिले होते. किनाऱ्यावरच्या ठाण्यातले शिपाई तलवारी दुरुस्तीला घेऊन यायचे, त्यांच्या हातांना असेच असायचे. फक्त ते हात मोठे असायचे.

अंधारात पडल्या पडल्या तिने एकेक शक्यता तपासली. जात्याचा खुंटा? सासूबाई जात्याला कोणाला हात लावू देत नाहीत. विहिरीचा दोर? तिथवर पोरीचा हात पोचत नाही. रुइन्यांगचे वडील ताइचौला मुलांना शिकवायचे, आणि पडद्याआड बसून तीही मुलांइतकंच शिकली होती. त्या शिकण्याचा उपयोग एवढाच झाला की इतर बायकांना जिथे एक भीती वाटायची तिथे हिला चार वाटायच्या, आणि चारही मुद्देसूद.

सकाळी तिने लेकीचा हात पेजेच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवला. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, हात आहे की राळ्याचं भांडं, किती वेळ भिजत घालशील? मग थोड्या नरमल्या आणि सांगू लागल्या की छाओशेंग लहान असताना त्याच्या कानामागे मोठाली गाठ आली होती, ती आपली आपण गेली, त्या काही रडत बसल्या नव्हत्या.

"दुखतं का गं?" रुइन्यांगने लेकीला विचारलं.

"नाही."

"मग कशाने झालं हे?"

श्याओमानने जरा विचार केला. "धरून," ती म्हणाली.

काय धरून, हे विचारेपर्यंत कोंबडी उंबऱ्यावर आली आणि पोर ओल्या हाताने तिच्यामागे पळाली.

२

घर आणि कारखाना यांच्यामध्ये एकच दार होतं. दारापलीकडे आधी मुठी बांधायची खोली आणि तिच्यापुढे भट्टी. मुठी बांधायच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीवर, दोन खुंट्यांवर नमुना आडवा टांगलेला असायचा.

नमुना म्हणजे एक जपानी तलवार. चाच्यांच्या धामधुमीत सैन्याच्या हाती लागलेली. चाचे म्हटले तरी त्यातले निम्मे आपल्याच बंदरांतले, पण तलवारी मात्र खऱ्या जपानी. हलक्या, लांब, दोन हातांनी धरायच्या. त्यांच्यापुढे आपल्या शिपायांचे भाले उसासारखे छाटले जायचे. शेवटी वरून हुकूम आला की हीच तलवार आता आपल्या शिपायांच्या हाती द्यायची, आणि किनाऱ्यावरच्या लोहारांना पकडलेली एकेक तलवार नमुना म्हणून देण्यात आली. नमुन्यात असेल तसंच करायचं. तपासणीला येणारा गेंग जमादार नवी तलवार नमुन्याशेजारी ठेवायचा, आणि टोक, बाक, मूठ सगळं जुळलं तरच पुढे न्यायचा.

त्यामुळे पाउंच्या कारखान्यात 'का' हा प्रश्न कोणी विचारत नसे. बाक इथूनच का सुरू होतो? नमुन्यात आहे. मूठ एवढी लांब का? नमुन्यात आहे. नमुन्याच्या धारेला एक खाच पडलेली होती. छाओशेंगच्या वडिलांनी पहिल्या खेपेत ती खाचसुद्धा कानशीने घासून प्रत्येक तलवारीला इमानाने पाडली होती. जमादार तेव्हा पोट धरून हसला होता. म्हातारे पुढे वारले, पण ती गोष्ट ठाण्यात अजून सांगतात.

मुठी बांधायचं काम रुइन्यांगकडे होतं. लाकडावर पाकट माशाचं खरखरीत कातडं, त्यावर गोफ, एक फेर असा तिरका, एक तसा, मधे डोळ्यांसारखे चौकोन सोडत. नवी खेप सुरू करायची म्हणजे नमुना उतरवून मांडीवर घ्यायचा आणि त्याच्याकडे बघत पहिली मूठ बांधायची. त्या दिवशीही तिने तेच केलं.

वर्षानुवर्षं धरून त्या जुन्या मुठीचा गोफ जागोजागी दबला होता. पात्याजवळच्या चकतीखाली एका मोठ्या हाताची जागा. तिच्याखाली दुसऱ्या हाताची. दोन हातांची तलवार, यात काही वावगं नव्हतं.

त्याच्याही खाली, मुठीच्या अगदी शेवटाला, तिसरी जागा होती.

लहान. चार बारीक खळगे, आणि त्यांच्या मागे तळव्याची गुळगुळीत घसट. तीही उलटी. मोठ्या हातांचा तळवा जिथे, तिथे या लहान हाताची बोटं. कोणीतरी समोरून येऊन शेवट धरल्यासारखी.

रुइन्यांगचा हात थांबला. ही मूठ तिने किती वेळा मांडीवर घेतली होती. शेवटाला चिमुकल्या मुठीएवढी लांबी जास्त आहे हे तिला ठाऊक होतं, नमुन्यात आहे म्हणून तीही प्रत्येक तलवारीला ती लांबी ठेवत आली होती. पण हे खळगे? आधी होते? आठवेना. आठवत नाही म्हणजे नव्हतेच असं होत नाही, तिने स्वतःला बजावलं. वडील असंच म्हणायचे. पण तेवढ्याने धीर आला नाही.

श्याओमान शेजारी बसून गोफाच्या तुकड्यांच्या गाठी मारत होती. तिने सहज हात लांब केला आणि आईच्या मांडीवरच्या मुठीचा शेवट समोरून धरला. चारही बोटं खळग्यांत बसली. करंगळीसुद्धा.

"सोड," रुइन्यांग म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा चढा निघाला.

पोरीने तिच्याकडे पाहिलं. "सोडू?" तिने विचारलं. परवानगी मागितल्यासारखं नाही, आईला नीट कळलंय ना याची खात्री करून घेतल्यासारखं.

३

खेप वाढत गेली तशा बांधून झालेल्या तलवारी दक्षिणेच्या भिंतीकडच्या घडवंचीवर ओळीने लागू लागल्या. दुपारी रुइन्यांग आधी बांधलेल्या मुठींवरून अंगठा फिरवायची. गोफ कोरा असेपर्यंत सगळीकडे सारखा ताठ लागतो. कुठे ढिला पडला असेल तर तिथल्या तिथे कळतं.

अंगठा शेवटाला गेला आणि आत दबला.

तिने दुसरी मूठ पाहिली. तिसरी पाहिली. सगळ्यांना शेवटाशी तेच चार खळगे, उलटे, बारीक. कोणत्याही तलवारीला अजून कोणा शिपायाचा हात लागलेला नव्हता. काहींचा तर गोफ तिनेच सकाळी ओढून बांधला होता.

छाओशेंगला बोलावून आणलं तेव्हा तो घामाने निथळत होता. त्याने एक मूठ उचलली, फिरवली, आपला जाडजूड अंगठा खळग्यावर ठेवला. त्याला काही लागलं की नाही देव जाणे. समुद्राची हवा आहे, तो म्हणाला, सूत दमट झालं की बसतं. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "अगं, तूच ओढताना शेवटी दम सोडत असशील. दुपारी पेज जास्त घेत जा."

त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं. ते पटावं म्हणून तिने बरीच धडपड केली. हवा दमट होतीच. शेवटचे फेर ओढताना बोटं दुखून यायची हेही खरं. सूत बसतं. पण सूत चार बोटांनी बसत नाही.

तिने एक मूठ सोडवून पुन्हा बांधली, दात-ओठ खाऊन, शेवटाला जास्तच ताठ. घडवंचीवर ठेवली आणि पाठ वळवून दुसरी हातात घेतली.

मागून आवाज आला. कर्र.

तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. ताणलेल्या गोफावर कोणी मूठ आवळली की तो लाकडावर असाच करकरतो. ती वळली. खोलीत कोणी नव्हतं. घडवंचीवरच्या तलवारी जागच्या जागी होत्या. पलीकडे भाता चालू होता, त्याचाही आवाज कधीकधी करकरल्यासारखा येतो, असं ती स्वतःशी म्हणत असतानाच भाता थांबला, आणि करकर काही थांबली नाही.

४

श्याओमानला झोपेत एक हात डोक्यावर घेऊन झोपायची सवय लागली होती. लहान मुलं अशी झोपतातच. पण हिचा हात उशीवर पडलेला नसायचा. कोपर ताठ, मनगट ताठ, बोटं मिटलेली. रुइन्यांग हळूच तो हात खाली आणून पांघरुणात घालायची, आणि डोळा लागतो न लागतो तोच तो पुन्हा वर गेलेला असायचा. सासूबाईंनी पोरीच्या खांद्याला आल्याचं तेल चोळलं. वाढतं हाड आहे, त्या म्हणाल्या.

मग एक दिवस कपडे वाळत घालून परत येताना रुइन्यांगने मधल्या दारातून पाहिलं. पोर उत्तरेच्या भिंतीशी उभी होती, नमुन्याच्या बरोबर खाली, भिंतीकडे पाठ करून. टाचा उचललेल्या, उजवा हात वर. नमुना तिच्या हाताच्या फार वर होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. तिची नजर समोर होती, थोडी वर, उभ्या माणसाचं तोंड जिथे असतं तिथे.

"काय करतेस तू?"

"काही नाही. उभी आहे," श्याओमान म्हणाली, आणि तिच्या कपाळावर घाम होता.

त्या दिवसापासून मधल्या दाराला कडी लागली. रुइन्यांग काम संपवून बाहेर आली की कडी घालायची आणि पोरीला नजरेआड होऊ द्यायची नाही. सासूबाईंनी विचारलं, दाराने काय गुन्हा केला? धारदार वस्तू आहेत, पोर लहान आहे, असं काहीतरी तिने सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

आता पुढचं जे झालं ते रुइन्यांगने नंतर कितीदा तरी मनाशी उलटसुलट करून पाहिलं, आणि दर वेळी ते तसंच्या तसं राहिलं.

संध्याकाळ नुकती होत होती. भट्टी विझली होती, छाओशेंग विहिरीवर आंघोळीला गेला होता. सासूबाई चुलीवरच्या देवापुढे उदबत्ती लावत होत्या. दाराला कडी होती. श्याओमान आईच्या मांडीवर बसून तांदळाचा गोड वडा खात होती, डाव्या हाताने, आणि वड्यातला तीळ हनुवटीला लागला म्हणून हसत होती. हसता हसता तिचा उजवा हात वर गेला.

तिने नेला नाही, तो गेला. कोपर सरळ झालं. बोटं हवेत मिटली, आणि इतकी आवळली की पेरं पांढरी पडली.

बंद दारापलीकडून आवाज आला. कर्र.

रुइन्यांगने दोन्ही हातांनी लेकीचा दंड धरला आणि खाली ओढला. तो हलेना. पाच वर्षांच्या पोरीचा दंड, अंगठा आणि बोटं जुळतील एवढा, आणि तो तुळईसारखा घट्ट. तो थरथरत होता. वरून कोणीतरी त्याच्यावर भार टाकत असल्यासारखा तो खांद्यात दबत होता आणि पुन्हा वर येत होता. डाव्या हातातला वडा पोरीने सोडला नव्हता. चेहरा शांत होता. पाण्याचा हंडा डोक्यावर असलेल्या बाईचा असतो तसा, लक्ष सगळं एकाच ठिकाणी.

मग आवाज थांबला आणि हात मऊ होऊन मांडीवर पडला. तळव्यातला घट्टा फुटून रक्त आलं होतं.

सासूबाईंची पाठ होती. त्या वळल्या तेव्हा त्यांना एवढंच दिसलं की पोरीचा हात चिरलाय आणि सून भिंतीसारखी पांढरी पडलीय. त्या म्हणाल्या, आईच अशी घाबरट, मग पोरीला काय होणार दुसरं. श्याओमानने उरलेला वडा खाल्ला.

रुइन्यांगच्या मनात तेव्हा एकच गोष्ट पक्की बसली. ते जे काही होतं ते तिच्या पोरीला हाताने धरून ओढत होतं, आणि त्या मुठीवर तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली होती.

५

नमुना घरातून जावा म्हणून तिने नवऱ्याची विनवणी केली. छाओशेंग चांगला माणूस होता, बायकोवर हात उगारणारा किंवा ओरडणारा नव्हता, पण तोही गांगरून गेला. नमुना सैन्याचा. तो नाहीसा झाला तर आधी लोहाराला साखळ्या पडतात. "आणि सांगू काय त्यांना? की बायकोला मूठ आवडत नाही?" तो म्हणाला. मग लेकीच्या हाताची सैल झालेली पट्टी त्याने पुन्हा बांधली.

गेंग जमादार तपासणीला आला तो नेहमीसारखा बडबडत. घोटभर गरम दारू पोटात गेल्यावर त्याला आणखी बोल फुटले. श्याओमानला त्याने जवळ बोलावलं, पट्टी पाहिली, आणि विचारलं, "काय गं चिमणे, कोणत्या लढाईत लागलं?" ती त्याच्या कमरेच्या तलवारीकडे बघत होती. तीही पाउंच्याच कारखान्यातली, आधीच्या खेपेतली.

छाओशेंगने नवी तलवार नमुन्याशेजारी ठेवली. जमादाराने टोकं जुळवली, मुठी जुळवल्या, मान हलवली, आणि मग नमुन्याला बोटाने टिचकी मारून हसला.

या तलवारीचा धनी मोठा मजेशीर गेला, तो सांगू लागला. पाइनच्या टेकडीमागे एक वाडी जळत होती तेव्हाची गोष्ट. जमादाराची तुकडी धावत पोचली तर एका घराच्या दारात, आत तोंड करून, हा धिप्पाड गडी दोन्ही हातांनी तलवार डोक्यावर उगारून उभा. चाचा असला की आपण दिसताक्षणी अंगावर येतो. हा येईना. तलवार खाली आणीना. नुसता उभा, दात खात, हात थरथरतायत. तिरंदाजांनी आरामात नेम धरला.

"शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा," जमादार म्हणाला. "आता दारू चढली होती की लकवा भरला होता, त्यालाच माहीत. आतले लोक मागच्या भिंतीने निसटले म्हणे, तेवढी फुरसत मिळाली त्यांना."

छाओशेंग हसला. दाराआड उभ्या असलेल्या रुइन्यांगने ही गोष्ट ऐकली आणि एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिली. तिचं सगळं लक्ष जमादाराच्या पुढच्या वाक्याकडे गेलं होतं. कारण तो आता तक्रार करत होता. मूठ फार लांब पडते. ढाल घेऊन पळताना तिचा शेवट पोरांच्या बरगडीत लागतो. दुसऱ्या लोहारांच्या नमुन्यांना एवढी लांब मूठ नाही.

बायकांनी पाहुण्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नसतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ती दारातून पुढे आली.

"मग शेवट कापून टाका ना, जमादारसाहेब," ती म्हणाली. "तेवढा लहानसा भाग. सगळ्यांचा."

छाओशेंगने मान खाली घातली. जमादाराने तिच्याकडे पाहिलं, आणि मग मांडीवर थाप मारली. वहिनी म्हणतात ते बरोबर आहे, तो म्हणाला, पण तपासणीला नव्या तलवारी नमुन्याशी जुळल्या पाहिजेत, नाहीतर वरचा साहेब माझं डोकं खाईल.

यावर छाओशेंग जे बोलला ते फक्त पाउ घराण्यातलाच माणूस बोलू शकला असता. त्याने वर पाहिलं, आणि कोडं सुटल्याच्या आनंदात म्हणाला, "मग नमुनाच कापू. म्हणजे जुळेल."

६

ज्या दिवशी कापलं त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. आधी नव्या मुठींचे शेवट उतरवले, आणि सगळ्यांत शेवटी नमुना. रुइन्यांगनेच त्याचा जुना गोफ सोडवला. सोडवताना तो हाताला गरम लागला, पण ऊन त्याच्यावरच पडत होतं. छाओशेंगने मुठीत शिरलेला पात्याचा दांडा चिमट्यात धरला आणि शेवट करवतीने कापला. लोखंड कापताना ओरडतंच. तरी श्याओमान अंगणात का रडायला लागली, ते कोणाला कळलं नाही. सासूबाईंनी तिला उचलून घेतलं. कोंबडीने टोचलं असेल, त्या म्हणाल्या.

कापलेले तुकडे रुइन्यांगने सुपात गोळा केले आणि स्वतःच्या हाताने भट्टीत टाकले. जळताना पाकटाच्या कातड्याचा उग्र वास सुटला. मग ती बसली आणि नमुन्याची मूठ नव्या गोफाने बांधली. चकतीखाली एका हाताची जागा, तिच्याखाली दुसऱ्या हाताची, आणि तिथे गाठ. गाठीपुढे काही नाही. बोट टेकायला जागा नाही.

संध्याकाळी तिने मुद्दाम लेकीला मांडीवर घेतलं आणि वाट पाहिली. हात वर गेला नाही. दाराआडून आवाज आला नाही. रात्री श्याओमान कुशीवर वळून झोपली, दोन्ही हात गालाखाली. हे बघून रुइन्यांगला रडू आलं, आणि लगेच स्वतःचं हसूही आलं. वडिलांना सांगायला हवं होतं, तिला वाटलं. इतकं शिकून शेवटी करवत कामी आली.

त्यानंतर आलं ते पावसाळी, शांत हवामान. घट्टे मऊ पडू लागले. खाली गुलाबी कातडी दिसू लागली. रुइन्यांगला पुन्हा जेवण गोड लागू लागलं, आणि मधल्या दाराची कडी घालायची एकदा ती विसरलीसुद्धा.

श्याओमान मात्र बोलेनाशी झाली होती. रुसलेली नव्हती. कोणीतरी हातातलं काम काढून घेतल्यावर माणूस बसतं तशी उंबऱ्यावर बसून राहायची, आणि मधेच आपल्या तळव्याकडे बघायची.

७

खेप ठाण्यात जायच्या दिवशी सकाळी छाओशेंग गाडी आणायला गेला. रुइन्यांगने तलवारी गुंडाळायला कापड घेतलं आणि मुठी बांधायच्या खोलीत पाऊल टाकलं.

घडवंचीवर तलवारी नेहमी धार वर करून ठेवलेल्या असायच्या. म्यानात धार घासू नये म्हणून तशी रीतच होती. आज सगळ्यांची धार खाली होती. एकूण एक. छाओशेंगने रात्री तपासताना फिरवून ठेवल्या असतील, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात येत असतानाच तिला माहीत होतं की त्याने फिरवलेल्या नाहीत.

तिने पहिली मूठ उचलली. वर एका मोठ्या हाताची जागा, खोल. तिच्याखाली दुसऱ्याची. गोफ नवा होता, तिने स्वतः बांधलेला, आणि तो हातांनी आवळून आवळून तेलकट काळा झाला होता. दुसरी मूठ तशीच. तिसरीही. तिने मूठ पुन्हा खाली ठेवली, आवाज होऊ न देता, आणि तसं का केलं ते तिचं तिलाच समजलं नाही.

मग तिने उत्तरेच्या भिंतीकडे पाहिलं.

दोन्ही खुंट्या रिकाम्या होत्या.

छाओशेंगने उतरवला असेल. जमादाराला दाखवायला नेला असेल. गाडीत ठेवला असेल. तिचं डोकं कामाला लागलं होतं, एकामागून एक कारणं पुढे करत होतं. खोलीत भट्टीच्या जुन्या धुराचा वास होता, आणि त्यात मिसळलेला दुसरा एक, खारट, ओल्या कपड्यांचा, लांबून पळत आलेल्या माणसाच्या घामाचा.

कर्र.

आवाज घडवंचीवरून आला नाही. तो तिच्या मागून आला, आणि वरून. डोक्यापासून हातभर वर. त्यात घाई नव्हती. आधी एक हात आवळला गेला, मग त्याच्याखाली दुसरा. तिसऱ्याच्या जागी ती नकळत थांबली, कान देऊन, आणि तिथे काही आलं नाही. समोरच्या भिंतीवर, दारातून येणाऱ्या उजेडात तिची सावली पडली होती. त्या सावलीला खूप रुंद खांदे होते.

दारात श्याओमान उभी होती.

कधी आली कळलं नाही. केस विस्कटलेले, अनवाणी. ती आईकडे बघत नव्हती. आईच्या डोक्यावरून मागे बघत होती, उभ्या माणसाचं तोंड जिथे असतं तिथे, आणि तिचा चेहरा रुइन्यांगने आधी कधी पाहिला नव्हता असा घाबरला होता. ती पुढे धावली, टाचा उचलल्या, उजवा हात वर नेला. बोटं उघडली, मिटली. पुन्हा उघडली. हवेत इकडे तिकडे चाचपडली, गाठीवरून घसरली, पुन्हा चाचपडली.

एवढ्या दिवसांत रुइन्यांगच्या डोक्यात जे आलं नव्हतं ते आत्ता आलं. दारातला तो गडी. डोक्यावर उगारलेली, खाली न येणारी तलवार. समोरून धरलेला, थोपवून ठेवलेला शेवट.

"श्याओमान," ती म्हणाली.

आता कुठे पोरीने आईकडे पाहिलं. हात अजून वर होता, रिकामा.

"जागाच नाही ठेवलीस तू, आई," ती म्हणाली. "आता मी त्याला कुठे धरू?"